‘घरबसल्या’ म्हणता, पण बसायचं कवा?

मार्च २०२४ मध्ये, महिला दिनाच्या आठवड्यात, देवणीत आम्ही बचत गटातल्या बायांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. फळ्यावर मी माझ्याच हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘घरबसल्या ऑनलाइन व्यवसाय’. तीस-पस्तीस बाया जमल्या होत्या. मागच्या रांगेत बसलेली एकजण फळ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “ताई, घरबसल्या म्हनता, पर बसायचं कवा?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. बाई विनोदी आहे असं वाटलं आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी सुरुवात एका गोष्टीने केली होती. गोष्ट पुण्यातली आणि खरी आहे. सुपम माहेश्वरी नावाचे एक उद्योजक आहेत. मुलगी लहान असताना कामानिमित्त त्यांचं परदेशात जाणंयेणं असे आणि तिथून ते तिच्यासाठी वस्तू घेऊन येत. तान्ह्या मुलांसाठी अशा चांगल्या वस्तू आपल्याकडे सहज का मिळत नाहीत, हा प्रश्न त्यांना पडला. त्यातून २०१० साली अमिताव साहा यांच्याबरोबर त्यांनी पुण्यात ‘फर्स्टक्राय’ हे लहान मुलांच्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान सुरू केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा भागविक्रीतून चार हजार कोटींहून जास्त रुपये उभे राहिले. बापाला लेकीची गरज दिसली आणि त्यातून एवढा मोठा उद्योग झाला! प्रशिक्षणात सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट कुठली असणार?

त्या घराबद्दल मला काहीही म्हणायचं नाही, मला ते माहीतही नाही. बोलायचं आहे ते मी गोष्ट कशी सांगितली त्याबद्दल. फर्स्टक्रायच्या आधी त्याच माणसाने ब्रेनव्हिसा नावाची एक कंपनी काढून वाढवली होती आणि २००७ साली ती विकली होती, हे मी सांगितलं नाही. ते आयआयएममध्ये शिकलेले आहेत, हेही सांगितलं नाही. लेकीची गरज होतीच, पण गरज एकटी नव्हती. तिच्या जोडीला भांडवल, शिक्षण, ओळखी आणि स्वतःच्या ताब्यातला वेळ होता. देवणीच्या बायांपुढे मी फक्त गरज ठेवली. आणि गरजेची आमच्याकडे कधीच टंचाई नव्हती.

आता अक्काबद्दल. मघाचा प्रश्न विचारणारी बाई हीच. मी तिला अक्का म्हणते. आमच्या सीमाभागात, भालकी-बिदर जवळ असल्यामुळे असेल, थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. इथेही तेच नाव वापरते, खरं नाव देत नाही. घरी तीन एकर कोरडवाहू शेत, एक देवणी गाय, दाजी, सासू, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि २०२३ च्या जूनमध्ये लातूरला अकरावी सायन्सला गेली. लातूर पॅटर्नचं वेड आमच्या भागात कसं आहे ते मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. कॉलेजची फी एकवेळ परवडते. क्लास, हॉस्टेल आणि मेस यांनी माणूस मोडतो. अक्काची गरज ही होती, मेसचे पैसे दर महिन्याला भरायचे. पोरीला मेडिकलची परीक्षा द्यायची होती आणि अक्काला पोरगी लातुरात टिकवायची होती.

तिच्या हाताला चव आहे. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, येसर आणि कडक भाकरी. आमच्याकडची ज्वारीची कडक भाकरी आठवडा-दोन आठवडे टिकते, हॉस्टेलवरच्या पोरांना तिच्यावर चटणी आणि तेल मिळालं की रात्र निघते. मुलगी सुट्टीला आली की मैत्रिणींसाठी डबे भरून न्यायची. म्हणजे गिऱ्हाईक आधीपासून होतंच. मी म्हणाले, अक्का, हे विकायचं. व्हॉट्सॲपवर यादी टाकू, फोटो टाकू, नंतर एखाद्या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावरही जाऊ. प्रशिक्षणानंतर पंधरा दिवसांत मी तिचं सगळं ‘बसवून’ दिलं. हा शब्दसुद्धा बघा, आपण बायांना सगळं बसवून देतो.

काय बसवून दिलं ते सांगते. अक्काकडे स्वतःचा फोन नव्हता. घरात दोन फोन: साध्या बटणांचा सासूकडे आणि स्मार्टफोन दाजींकडे. अक्काच्या आधारकार्डाला जोडलेला नंबर होता पुतण्याचा, कारण आधार काढताना तोच बरोबर होता. घाई होती, मेसचा हप्ता तोंडावर होता. मी म्हणाले, सध्या दाजींच्या नंबरवर सुरू करू, पैसेही त्यांच्याच खात्यावर येऊ देत, पुढे बदलू. दाजी चांगला माणूस आहे. दारू नाही, मारहाण नाही. मला यात काही वावगं वाटलं नाही. टाटा-निर्मलातल्या बाई नाहीत आपण, मातीतल्या कार्यकर्त्या आहोत, कागदावर अडून बसायचं नाही, असा थोडा अभिमानही होता. एम.एस.डब्ल्यू.ला असताना ‘मालकी आणि नियंत्रण’ यावर मी पंधरा पानांचा निबंध लिहिला होता, तो त्या दिवशी आठवला नाही.

सुरुवात झकास झाली. उन्हाळ्यात आणि पुढे पावसाळ्यात लातूरहून ऑर्डरी येत राहिल्या, मग पुण्याला कामाला गेलेल्या देवणीकरांकडूनही. अक्काने शेजारच्या दोघींना भाकरी थापायला बोलावलं.

मग एक एक गोष्ट दिसायला लागली. दाजी बाजाराला उदगीरला गेले की फोन त्यांच्याबरोबर जायचा. दिवसभर ऑर्डर आली की नाही हे अक्काला कळायचं नाही. रात्री फोन घरी आला की मुलगा खेळायला घ्यायचा. गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रश्नाला दोन दोन दिवस उत्तर नाही. आम्ही ज्या संकेतस्थळावर माल ठेवला होता, तिथे लोकांनी एक-एक तारा देऊन ठेवला. चटणी वाईट म्हणून दिलेले ते तारे नव्हते, उत्तर मिळालं नाही म्हणून दिलेले होते. अक्काला ते तारे मीच दाखवले. ती म्हणाली, “चटनी चाखली बी न्हाई त्यानं?”

पैशाचं अजून वेगळं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याच्या बऱ्याच खाली विकावं लागलं. दाजींच्या खात्यात चटणीचे पैसे होते, ते रब्बीच्या बियाण्याला, खताला आणि एका जुन्या उधारीला गेले. अक्काने विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, घरचंच आहे की, बाहेर कुठं गेलं? आणि मैत्रिणींनो, ते खरं बोलत होते. इथेच माझी पंचाईत झाली. व्यसनी, मारकुट्या नवऱ्याशी कसं बोलायचं हे आपण वीस-तीस वर्षांत शिकलो आहोत. पण कष्टाळू, निर्व्यसनी माणूस, ज्याचं शेत बुडतं आहे, तो बायकोच्या कमाईतून हरभऱ्याचं बियाणं घेतो, त्याला काय म्हणायचं? आपण व्यवसाय काढायला सांगतो तो ‘घरच्या गरजेसाठी’. पण घराच्या गरजा अनेक असतात आणि त्यांतली आधी कुठली, हे खातं ज्याचं त्याच्या हातात असतं. अक्काची गरज होती पोरीची मेस. दाजींची गरज होती पेरणी. पेरणी आधी आली.

दोन महिने मेसचे पैसे थकले. जानेवारी २०२५ मध्ये, बारावीची परीक्षा तोंडावर असताना, मुलगी पुस्तकं घेऊन देवणीला आली. घरी बसून अभ्यास कर, असं ठरलं. मी फेब्रुवारीत घरी गेले तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. आई पाकिटं भरत होती. संक्रांत होऊन गेली तरी कडक भाकरीची मागणी चांगली होती आणि शेजारणीला रोज देण्यापेक्षा घरचं माणूस बरं, असं सासूचं म्हणणं. पोरीला लातुरात ठेवण्यासाठी सुरू केलेल्या धंद्याला पोरगीच कामाला लागली होती. पीठ लागलेल्या हातानेच ती मला म्हणाली, “ताई, बसा की.”

मी बसले, पण बोलायला काही नव्हतं.

अक्काची चूक कुठे झाली हे मी खूप दिवस शोधत होते. मग लक्षात आलं की चूक फळ्यावर होती. ‘घरबसल्या’ हा शब्द आपल्या जाहिरातींत, सरकारी योजनांत, आपल्या स्वतःच्या पत्रकांतसुद्धा इतका सहज येतो की त्याच्या पोटात काय आहे ते आपण बघत नाही. त्याचा अर्थ असा की बाई घरात रिकामी बसलेली आहे आणि त्या रिकाम्या वेळात तिने थोडं कमवावं. केंद्र सरकारचं २०२४ चं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण बघा. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, म्हणजे पावणेपाच तासांहून अधिक. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. लेकरांची आणि म्हाताऱ्यांची उसाभर वेगळी मोजली आहे, त्यात बायांची १३७ मिनिटं आणि पुरुषांची ७५. अक्काचा दिवस मी स्वतः मोजला नाही, तिनेच सांगितला: पहाटे साडेचारला गायीचं, मग पाणी, मग स्वयंपाक, मग शेत, मग पुन्हा गाय, पुन्हा स्वयंपाक. चटणी कुटायला वेळ मिळतो तो रात्री नऊनंतर. ‘बसायचं कवा’ हा विनोद नव्हता. तो साधा हिशेब होता आणि मला हिशेब येत नव्हता.

फर्स्टक्रायची गोष्ट सांगताना मी असंही म्हणाले होते की कंपनीचं पहिलं काम एका बापाने घरच्या गरजेतून केलं. पण बाप ‘गरज ओळखतो’ तेव्हा तो घराबाहेर पडतो, कचेरी घेतो, माणसं नेमतो. आई ‘गरज ओळखते’ तेव्हा चुलीवर अजून एक भांडं चढतं. त्याच्या कामाला उद्योग म्हणतात, तिच्या कामाला हातभार.

आता त्या फोनचं. फोन ही चैन आहे, संवादाचं साधन आहे, मुलं बिघडवणारी वस्तू आहे, असं आपण वेगवेगळ्या शिबिरांत वेगवेगळं बोलतो. ऑनलाइन धंद्यात फोन म्हणजे सही आहे. नीट बघा. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली, फुकट आहे, कागद लागत नाहीत. पण आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. यूपीआयने पैसे घ्यायचे तर बँक खात्याला जोडलेलं सिमकार्ड त्याच फोनमध्ये हवं. जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे दीड हजार मिळावेत म्हणून किती बायांनी पहिल्यांदा आपलं खातं आधारला जोडलं! अक्कानेही जोडलं. पण पैसे जमा झाल्याचा संदेश जायचा पुतण्याच्या नंबरवर. खातं बाईचं, पैसे बाईचे, बातमी पुतण्याला.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या ज्या स्त्रियांना विचारलं त्यांतल्या शंभरांमागे ७९ जणींकडे स्वतः वापरायचं बँक खातं होतं, पण स्वतः वापरायचा मोबाइल ५४ जणींकडेच. इंटरनेट कधीही वापरलं आहे अशा स्त्रिया शंभरात ३३, पुरुष ५७. खातं आलं, पण खात्याची किल्ली अजून घरातल्या पुरुषाच्या खिशात आहे, असा या आकड्यांचा मी अर्थ लावते.

म्हसवडच्या माणदेशी बँकेचा एक प्रसंग चेतना गाला-सिन्हा सांगतात. १९९७ साली सुरू झालेली ही बायांची सहकारी बँक. पहिल्या अर्जाला नकार मिळाला होता, कारण सभासद बाया निरक्षर होत्या आणि अंगठा उठवत होत्या. पुढे बँकेने डिजिटल व्यवहार आणायचं ठरवलं तेव्हा एका बाईने पिनऐवजी अंगठ्याचा ठसाच ठेवा असं सांगितलं. पिन कुणीही काढून घेईल, अंगठा कसा चोरणार? ज्या अंगठ्यामुळे बँक नाकारली, तोच अंगठा बाईने हक्काने परत मागितला. एम.एस.डब्ल्यू.च्या पुस्तकात हे मला कुठे मिळालं नसतं. आम्ही मात्र देवणीत उलटं केलं, अक्काची पिन दाजींना, ओटीपी पुतण्याला देऊन टाकला.

जुन्या कार्यकर्त्यांना आठवेल, १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. शेतकऱ्यांनी आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. त्या मोहिमेबद्दल तेव्हाही मतभेद होते आणि आजही असतील, पण सातबाऱ्यावर नाव ही गोष्ट गावोगावी बोलली गेली. आमच्याकडे देवणी गाय बाईच धुते, बाईच पिळते, आणि डेअरीच्या वहीत बहुतेक ठिकाणी नाव मालकाचं असतं. सातबारा झाला, डेअरीची वही झाली, आता सिमकार्ड. जिनगानी बदलली, नाव त्याचंच राहिलं.

हे सगळं मी आमच्या जिल्ह्याच्या बैठकीत मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, तुम्ही लोक शेवटी पापड-लोणच्यावरच आलात. चळवळीने बाईला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि तुम्ही स्वयंपाकघरालाच दुकान केलंत. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. पण पापडाची हेटाळणी मला मान्य नाही. १९५९ साली गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जतची सुरुवात केली. तिथे सभासद फक्त स्त्रियाच. बाई पीठ घरी नेते, पापड लाटते, आणून देते आणि तिचे पैसे तिच्या हातात पडतात. काम घरात होतं, पण मालकी आणि हिशेब घराबाहेर, बायांच्या संस्थेत. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या बायांचं. त्याही घरातच रांधत होत्या. फरक एवढा की सावकाराकडून सुटून त्यांनी बँकेचं कर्ज स्वतःच्या नावावर आणि गटाच्या जोरावर घेतलं. म्हणजे भांडण पापडाशी नाही. हिशेब कुठे आणि कुणाच्या हातात, हा मुद्दा आहे.

ऑनलाइन धंद्यात हा हिशेब आणखी लांब जातो, तो कंपनीकडे. मीशो ही कंपनी २०१५ मध्ये सुरू झाली. सुरुवातीची तिची चाल अशी की घराघरांतल्या बायांनी व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांत माल विकायचा आणि वर आपला नफा लावायचा. लाखो गृहिणींना रोजगार म्हणून खूप कौतुक झालं. २०२१ च्या सुमारास कंपनीने थेट गिऱ्हाइकाला विकण्याकडे मोर्चा वळवला आणि मधल्या बाईची गरज कमी झाली. धंद्याच्या हिशेबाने ते बरोबर असेल. पण कंपनी ज्या ओळखींवर उभी राहिली त्या बायांच्या होत्या, नणंदेच्या, शेजारणीच्या, भिशीतल्या, आणि त्या ओळखींची किंमत कुणाच्या वहीत लिहिली गेली नाही.

मुंबईच्या गीता पाटील यांची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. २०१६ मध्ये नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा त्यांनी घरचे खाद्यपदार्थ विकायला सुरुवात केली, पुढे मुलाने ‘पाटील काकी’ या नावाने धंदा ऑनलाइन नेला, २०२३ मध्ये त्या टीव्हीवरच्या शार्क टँकमध्ये दिसल्या. आमच्या बायांनी तो भाग फोनवर पुन्हा पुन्हा बघितला. मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटते: घरातलं माणूस आईच्या धंद्यात कामाला आलं आणि पाटीवर नाव काकीचं राहिलं. अक्काच्या घरी आईच्या धंद्यात पोरगी आली, पण शिक्षण सोडून आली, आणि पाटीवर नाव कुणाचंच नव्हतं, दाजींचा नंबर होता. दोन्हींना आपण ‘कुटुंबाचा सहभाग’ म्हणतो. अहवालात दोन्ही एकाच रकान्यात जातात, मी स्वतः तसे भरले आहेत.

आता आम्ही काय बदललं ते सांगते. सगळं जमलेलं नाही.

सिमकार्ड आधी, धडा नंतर, असा आमच्या गटाने ठराव केला. बाईच्या नावाचं सिम, ते तिच्या आधारला आणि तिच्या बँक खात्याला जोडायचं, मगच पहिला फोटो काढायचा. हे लिहायला सोपं आहे. आधार केंद्रावर रांग, बँकेत ‘मालकांना घेऊन या’ म्हणणारा कारकून, आणि घरी ‘तुला कशाला वेगळा नंबर’ हा सवाल. सगळ्यात अवघड शेवटचा. एका सासूने विचारलं, “वेगळा नंबर घिऊन कुनासंगं बोलायचंय तिला?” आम्ही सांगितलं, बँकेसंगं. ते तिला पटलं, आमच्या अपेक्षेपेक्षा लवकर.

दुसरं, भाकरी आता एकीच्या चुलीवर नाही. गटातल्या पाचजणींनी मिळून एक खोली भाड्याने घेतली आहे. ज्येष्ठ मैत्रिणीचा अर्धा मुद्दा असा मान्य केला. घराबाहेर जागा असली की कामाची वेळ ठरते, आणि दुपारी दोन ते पाच या वेळात पाहुणा आला तर चहा घरातलं दुसरं कुणीतरी करतं. पहिल्या महिन्यात कुणीच केला नाही, पाहुणेच चहाविना गेले. चालेल.

तिसरं कायद्याचं, आणि इथे देवणीची खास अडचण आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीची नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्याला ऑनलाइन कंपनीमार्फत माल विकता येऊ लागला, पण आपल्याच राज्यात. आमची सोयरीक निम्मी कर्नाटकात. लातूरच्या हॉस्टेलला चटणी पाठवता येते, पण शेजारच्या भालकीत दिलेल्या लेकीला त्याच वाटेने पाठवायची तर नोंदणी हवी, कारण मधून राज्याची सीमा जाते. गिऱ्हाईक जवळचं आणि कायदा लांबचा. सीमाभागातल्या गटांनी मिळून हा प्रश्न मांडायला हवा, एकट्या देवणीचं कोण ऐकणार. दरम्यान गटाच्या नावाने नोंदणी करायची का, यावर आमच्यात वाद चालू आहे. हिशेब ठेवणारी एक तरी बाई तयार झाल्याशिवाय मी त्याला हो म्हणणार नाही. विवरणपत्रं वेळेवर गेली नाहीत तर दंड बायांच्या माथी बसेल आणि मग पुन्हा एखादा पुतण्या शोधावा लागेल.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यात आधी करायला हवी होती. धंदा सुरू करण्याआधी नवऱ्यासकट घराची बैठक घ्यायची आणि तीन प्रश्न विचारायचे. ही कमाई कशासाठी? ती कशाला वापरायची नाही? आणि बाई हे काम करत असेल तेव्हा तिचं आधीचं काम कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाला घरात शांतता पसरते. आम्ही त्या शांततेत बसून राहायला शिकतो आहोत. पूर्वी मीच घाईघाईने म्हणायचे, “करतील हो ॲडजस्ट.” अक्काच्या घरी ॲडजस्ट पोरीने केलं.

ती आता उदगीरला बी.एस्सी.ला जाते, एसटीने, रोज. मेडिकलची परीक्षा तिने घरूनच दिली होती, त्याबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. अक्काच्या फोनवर, हो, आता तिचा स्वतःचा आहे, ऑर्डरी तीच बघते. आईला अक्षरं लागतात पण इंग्रजी लागत नाही. पोरीने अट घातली आहे: भाकरी थापणार नाही, हिशेब ठेवीन. अक्काला हे आधी उद्धटपणाचं वाटलं. मला नाही वाटलं.

पुढच्या महिन्यात देवणीत पुन्हा प्रशिक्षण आहे. फळ्यावर काय लिहायचं ते अजून ठरलं नाही, ‘घरबसल्या’ मात्र लिहायचं नाही. यावेळी पुरुषांनाही बोलावलं आहे, तिसऱ्या प्रश्नासाठी. दाजी येतो म्हणाले आहेत, सोयाबीनची रास झाली की.